फिरवलेली ओळ

बाबांच्या क्लॅरिनेटच्या तोंडावर दोन खळगे आहेत. तोंड म्हणजे वाजवणारा ओठांत धरतो तो काळा, चोचीसारखा तुकडा. त्याच्या वरच्या बाजूला, शेजारी शेजारी, तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढे हे खळगे. कोणी कोरलेले नाहीत. वरच्या दोन दातांनी पंचवीस उन्हाळ्यांत पाडलेले आहेत.

यंदा ब्रह्मपुरीच्या घराच्या छपराचे कवेलू उतरवून, जुन्या भिंती पाडून स्लॅब टाकायचं ठरलं, म्हणून सामान बाहेर काढायला मी चार दिवस माहेरी आले. पत्र्याच्या पेटीत तळाशी बँडचा लाल कोट होता आणि कोटाच्या खिशात हे तोंड. क्लॅरिनेट बाबांनी कधीच दुसऱ्या वाजवणाऱ्याला देऊन टाकलं होतं, तोंड मात्र दिलं नव्हतं. कोटाला अजून तोच वास येतो, डांबरगोळीचा, घामाचा आणि खर्ऱ्यातल्या चुना-तंबाखूचा. मी तो नाकाशी धरला आणि उगाचच इकडेतिकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेली बाई बापाचा कोट हुंगत बसलेली कोणी पाहिली असती तर पंचाईत झाली असती.

बाबांचा बँड अकरा माणसांचा. पावसाळ्यात हे अकरा जण आपापल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा करायचे, दिवाळीनंतर धान कापायचे आणि उन्हाळा लागला की लाल कोट घालून लग्नं वाजवायचे. लग्नसराईच्या तोंडावर आमच्या अंगणात पितळ घासायचं काम चाले. चिंचेच्या कोळाचा आंबट वास, राखेनं काळे झालेले हात, आणि घासूनपुसून उन्हात मांडलेली ट्रंपेटं. आई अकरा कोट धुऊन तारेवर टाकायची. वारा आला की अकराच्या अकरा कोटांच्या बाह्या हलायच्या आणि शेजारच्या कोंबड्या घाबरून पळायच्या. शाळेत कोणी वडिलांचं विचारलं तर मी "मास्तर" म्हणायचे. कुठल्या शाळेत, असा पुढचा प्रश्न यायचाच. मग मान ताठ करून सांगायचे, शाळेतले नाहीत, बँडमास्तर आहेत.

वरात चालता चालता चौकात अडते. पोरं एकदा नाचायला लागली की नवरदेवाचा मामा हात जोडत आला तरी हलत नाहीत. इकडे गाणं तर संपत आलेलं असतं. अशा वेळी बाबा क्लॅरिनेट क्षणभर ओठांतून काढायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "फिरव." मग गाण्यातली एकच ओळ, तीही सगळी नाही, तिचा नाचायला सगळ्यांत चांगला तुकडा, पुन्हा पुन्हा वाजायचा. दहा वेळा, चाळीस वेळा, पोरांचे पाय थकेपर्यंत. फिरवण्यातली खरी मेख जोडात असते. ओळ कुठे संपली आणि कुठून परत सुरू झाली हे नाचणाऱ्याला कळता कामा नये. बाबांचा जोड कोणाला कळत नसे. मला कळायचा, कारण त्या जागी ते श्वास घ्यायचे. खांदा किंचित वर जायचा आणि नाकातोंडातून एकदम आत ओढलेल्या हवेचा बारीकसा आवाज यायचा. मी कायम त्यांच्या उजव्या खांद्याशी चालायचे, म्हणून मला तो ऐकू येई.

तेही नऊ-दहा वर्षांची होईपर्यंतच. पुढे वरातीबरोबर चालणं बंद झालं. मुलींनी बँडमध्ये जायचं नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. मला मात्र सगळ्या ओळी पाठ होत्या आणि कुठली कुठे फिरवायची तेही ठाऊक होतं.

बाबा हंगामाआधी सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बसून सराव करायचे. सगळं वाजवायचे, फक्त एक ओळ सोडून. ती बिदाईची ओळ, नवरी गाडीत बसताना वाजवायची. ज्या घरात लग्नाची पोरगी आहे त्या घरात ती वाजवायची नाही, असा बँडवाल्यांचा नेम होता. वाजवली तर पोरगी लवकर घर सोडते म्हणे. त्यामुळे बिदाईची ओळ मी ऐकली ती लोकांच्या दारांत उभी राहून, दुसऱ्यांच्या मुलींसाठी वाजवलेली. मला ती सगळ्यांत आवडायची. मनातल्या मनात मी त्या नवरीमुलींचा हेवा करायचे. नवरदेवांचं मला काही नव्हतं, माझा डोळा ओळीवर होता.

अकरावीत असताना वर्गातल्या एका मुलीनं मला एक कॅसेट दिली. तिचा भाऊ चंद्रपूरला कोळसा खाणीच्या वसाहतीत राहायचा, तिथल्या कोणाकडून तरी उतरवून घेतलेली. वर नाव नाही, गाव नाही. आमच्या घरी तेव्हा टेप नव्हता, म्हणून ती घेऊन मी बसस्टँडसमोर सत्तारचाचांच्या दुकानात गेले. सत्तारचाचा रेडिओ-टेप दुरुस्त करायचे आणि बाबांचे जुने दोस्त होते. दुकानात सोल्डरिंगच्या धुराचा वास असे, आणि चाचा एका डोळ्याला भिंग लावून कायम कशाच्या तरी पोटात डोकं घालून बसलेले. कॅसेट लागली. एक माणूस इंग्रजीत भराभर बोलत होता. मला शब्द एकही कळला नाही. पण त्याच्या मागे कुठल्या तरी जुन्या गाण्याचा एक तुकडा फिरत होता, तोच तो, न थकता.

बाबा तेव्हा तिथेच बाकावर गालात खर्रा धरून बसले होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, बाहेर जाऊन पिंक टाकून आले आणि म्हणाले, "हा तं बोलून राह्यला. पन मांगं कोनीतरी फिरवून राह्यलं ना. जोड चांगला हाये त्याचा."

याला हिप-हॉप म्हणतात हे मला पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं. बाबांना ते दोन मिनिटांत कळलं होतं.

चाचांकडे दोन कॅसेटचा एक टेप दुरुस्तीला आला होता. दुरुस्त झाला, पण मालक न्यायला फिरकलाच नाही. वर्षभर वाट पाहून चाचांनी तो मला वापरायला दिला. "पयले हेड साफ कर बेटा," ते म्हणायचे, "गंदा हेड हाय तं आवाज बी गंदाच येईन." एका बाजूला जुन्या गाण्याची कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी. कोऱ्या बाजूचं रेकॉर्डचं बटन दाबून पॉज करून ठेवायचं. इकडे हवा तो तुकडा आला की पॉज सोडायचा, तुकडा संपला की पुन्हा दाबायचा. मग इकडची कॅसेट मागे घ्यायची आणि परत तेच. एका मिनिटाची ओळ फिरवायला अख्खी दुपार जायची. प्रत्येक जोडाला टक् आवाज यायचा. तो टक् घालवायला मला चार महिने लागले. शेवटी बोटाला अशी सवय झाली की ताटावर बसल्यावरसुद्धा अंगठा दाबत असे. आई म्हणायची, "हिच्या बोटात कायी शिरलं का वो."

त्याच दिवसांतली एक दुपार. लाइन गेलेली, म्हणून टेपात सेल घातले होते. बाबा सपरीत सराव करत होते. मी टेप त्यांच्या पायाशी ठेवला आणि वरातीची एक ओळ भरून घेतली. दुसऱ्या दिवशी लाइन आल्यावर मोठ्या हौसेनं सगळ्या बँडसमोर लावली, तर बाबांचं क्लॅरिनेट चिरचिर, भराभर वाजायला लागलं. सेल उतरलेले होते. भरताना टेप हळू चालला, म्हणून आता सगळं घाईत. ढोलवाला पोट धरून म्हणाला, "मास्तर, उंदरावानी वाजवून राह्यले तुमी." बाबाही हसले. मी रागानं ती कॅसेट कपाटाच्या मागे फेकली. पुसली मात्र नाही, आळस केला. त्या आळसाचे मी आजवर आभार मानते.

मग चाचांकडूनच एक लहानसा कॅसिओ कीबोर्ड आला. त्याच्या अर्ध्या पट्ट्या मेलेल्या होत्या, पण त्यात एक गंमत होती. बटन दाबून समोर आवाज केला की तो आवाज त्या पेटीत शिरायचा आणि पट्टी दाबली की बाहेर यायचा. जेमतेम एका सेकंदाचा. मी घरभर आवाज गोळा करत फिरले. मोठ्या ढोलाची एक थाप घेतली. न्हाणीच्या पत्र्याच्या दाराचा धडाका घेतला. आणि आईचं सूप. तांदूळ पाखडताना सुपाचा जो सर्र आवाज येतो, तो ढोलाच्या थापांमध्ये भरला की ठेका एकदम चालायला लागायचा. पुढे खऱ्या हिप-हॉपमधल्या झांजा मी पुष्कळ ऐकल्या. माझ्या आईच्या सुपाची सर त्यांच्यातल्या एकीलाही नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन.

कॉलेज संपल्यावर मी तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. क्लासातला एक जुना कॉम्प्युटर मालकांनी मला घरी न्यायला दिला. तो सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. नागपूरहून एकानं सीडी आणून दिली, तिच्यात ठेके बनवायचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर ओळीनं सोळा चौकोन. चौकोन दाबला की तिथे आवाज वाजणार, नाही दाबला की नाही. चार महिने बोटानं शिकलेला जोड इथे मशीन आपोआप लावत होतं. मला आधी राग आला, मग मोह पडला. ढोल, दार, सूप, सगळी वरात मी त्या सोळा चौकोनांत बसवली. आता फक्त वर वाजणारं क्लॅरिनेट हवं होतं. मी म्हटलं, बाबा कुठे पळून चाललेत.

बाबा पळाले नाहीत, दात पळाले. खर्ऱ्यानं हिरड्या खाल्ल्या होत्या. त्या उन्हाळ्यात वाजवता वाजवता त्यांच्या ओठांवर रक्त दिसायला लागलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि वरचे पुढचे चार दात काढावे लागतील म्हणून सांगितलं. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकलेलं असतं. दात गेले की ते ओठांत डुलतं, सूर धरता येत नाही. कवळीनं जमतं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल. बाबांनी एवढंच मागितलं, "लगनं होऊ द्या, सायेब. मंग काढा." मृगाच्या आसपासचा दिवस मिळाला. शेवटचं लग्न वाजवून झालं तेव्हा मध्ये आठ दिवस उरले होते.

त्या आठ दिवसांत बाबांचा सगळा आवाज मला भरून घ्यायचा होता. नंतर तो कुठेच राहणार नव्हता.

आतल्या खोलीच्या भिंतींना मी गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमू नये. माइक सुतळीनं उलट्या केलेल्या खाटेच्या पायाला बांधला. पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर चंद्रपुरी ऊन. बाबा बनियनवर बसून वाजवायचे आणि आम्ही दोघं घामानं निथळायचो. तोंडाला बांधायची वेताची पातळ पत्ती, जिच्या थरथरण्यानं सूर निघतो, ती भिजवताना ते जिभेवर धरून बसायचे, तेवढा वेळ शांतता. मग एकेक ओळ. दात हलत होते, म्हणून मधून मधून थांबून अंगठ्यानं दाबून घ्यायचे. "दुखते का?" विचारलं की म्हणायचे, "तुये भरनं झालं का थे सांग." सात दिवसांत वरातीच्या, सीमांतपूजनाच्या, अक्षतांच्या, पंगतीच्या ओळी झाल्या. बिदाईचं नाव मी काढलं नाही. नेम तो नेम.

आठव्या दिवशी दुपारी ते आपणहून आले आणि बसले. आई दारात उभी होती. बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, "आता नाई वाजवलं तं हिच्या लग्नात कोन वाजवन? चाल माय, चालू कर तुयं मशीन."

त्यांनी डोळे मिटून ओळ वाजवली, एकदा, आणि मग कोणी बोट वर न करताच फिरवली. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. एवढी वर्षं लोकांच्या दारांत ऐकलेली ओळ आमच्या घरात, माझ्यासाठी वाजत होती, आणि मी पडद्यावर हलणाऱ्या रेघेकडे बघत बसले होते, कारण बाबांकडे बघणं मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते दात काढायला गडचिरोलीला गेले, आणि मी घरी माझं शहाणपण केलं. भरलेल्या ओळींत जिथे जिथे श्वास होता, तिथे मला घाण वाटली. चाचांनी शिकवलं होतंच, आवाज साफ पाहिजे. मी एकेक श्वास शोधला, माउसनं निवडला आणि कापला. ओळी कशा सलग, गुळगुळीत झाल्या. कॉम्प्युटरात जागा उरली नव्हती, म्हणून मूळ भरलेलं सगळं पुसून टाकलं. मोठ्या समाधानानं हात झटकले आणि बाबांची वाट बघत बसले.

बाबा तोंडात कापूस घेऊन आले. गाल सुजलेले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बिदाईची ओळ लावली, खाली ढोल, खाली सूप. त्यांनी ऐकलं. पुन्हा लाव अशी खूण केली. पुन्हा ऐकलं. मग कापूस काढून, फुटक्या आवाजात विचारलं, "हा मानूस श्वास कवा घेते?"

मी म्हटलं, "काढून टाकले ना बाबा. साफ केलं."

"असा मानूस चार घरं बी नाई चालनार वरातीत. पडन. हे मी नाई, माय."

ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. पुसलेलं परत आणायला मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. काहीच आलं नाही. बाबांच्या तोंडातले चार दात आणि माझ्या कॉम्प्युटरातले सगळे श्वास एकाच दिवशी गेले होते. पावसाळा लागला, रोवणा सुरू झाला. बाबा बांधीत जाऊन यायचे आणि नव्या कवळीनं भात चावायचे. मी तीन आठवडे कॉम्प्युटर उघडला नाही.

कपाटामागे उंदीर शिरला म्हणून आईनं कपाट सरकवलं, तेव्हा ती कॅसेट निघाली. उतरलेल्या सेलांची, उंदरासारख्या वाजणाऱ्या बाबांची. उंदरानंच शोधून दिली म्हणायची. मी ती टेपावर लावली. चिरचिरी ओळ, आणि ओळीच्या शेवटी, जोडाच्या जागी, एक श्वास. पुरा. सबंध कॅसेटमध्ये स्पष्ट असा तेवढा एकच होता, आणि त्याच्या शेपटाला आईनं चुलीवरच्या भाताच्या गंजावर झाकणी ठेवल्याचा ठण्ण आवाज चिकटलेला. मी तो कॉम्प्युटरात घेतला आणि ताणून ताणून हळू केला, बाबांच्या छातीएवढा होईपर्यंत. झाकणी काही सुटेना. मग तिच्यासकट बिदाईच्या ओळीत बसवला. जिथे जिथे मी कापलं होतं, तिथे तिथे तोच तो एक श्वास.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. श्वासाच्या जागी त्यांचा खांदा आपोआप वर गेला. मी पाहिलं.

"हा तं तरना श्वास हाये," ते म्हणाले. "पाच वर्सांमांगचा. हे मी हाये."

आई आतून म्हणाली, "आनि माही झाकनी कायले त्याच्यात?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "चांगली ठेक्यात पडली हाये."

माझं लग्न दोन वर्षांनी झालं. बँड बाबांचाच होता, क्लॅरिनेटवर नवा माणूस. बिदाईच्या वेळी बाबांनी त्याला हातानं थांबवलं आणि चाचांना खूण केली. चाचांनी स्पीकरवर माझी सीडी लावली. साइड ड्रमवाल्यानं आपणहून हलकी साथ धरली, बाकीचे वाद्यं खाली करून उभे राहिले. जन्मभर प्रत्येक बिदाईला मी बाबांचं तोंड क्लॅरिनेटच्या मागे पाहिलं होतं. क्लॅरिनेटवाल्याला रडता येत नाही, श्वास मोडतो. त्या दिवशी हात मोकळे होते. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, कधी कोटाच्या गुंड्या चाचपत, कधी गाडीचं दार. ते रडले. पोटभर रडले, आणि वर त्यांचं क्लॅरिनेट न चुकता वाजत होतं, न चुकता श्वास घेत होतं. मी केलेली एवढी चांगली गोष्ट दुसरी नाही.

लग्नातल्या पोरांनी चाचांकडून ती सीडी मागून नेली. चाचा कोणाला नाही म्हणत नसत. सीडीवरून सीडी झाली, मग मोबाइल आले. मला त्याची खबरही नव्हती.

चार-पाच वर्षांनी सासरच्या नात्यातलं एक लग्न तेलंगणाच्या हद्दीलगत जिवतीला होतं. बाबाही आले होते. घाट चढून थंड वाऱ्यात पोचलो तर वरात निघालेली. बँड नव्हताच, पिकअप गाडीवर डीजे. एव्हाना सगळीकडे तेच झालं होतं, आणि बाबांचा कोट पेटीत गेला होता. आम्ही दोघं कडेला उभे राहिलो. दोन गाणी झाली, आणि तिसऱ्याला ढोलाची एक थाप पडली. ती थाप मी ओळखली. मग दाराचा धडाका, मग सूप. वर कोणीतरी तेलुगू बोल चढवले होते, वेग वाढवला होता, पण मध्ये क्लॅरिनेट फिरत होतं, आणि जोडाच्या जागी श्वास, आणि त्याच्या शेपटाला आमच्या स्वयंपाकघरातली झाकणी.

शंभर पोरं त्यावर नाचत होती. बाबा आधी गांगरले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बिदाईच्या ओळीवर वरात नाचून राह्यली. अकल नाई या लोकायले." पण ते हसत होते.

गाणं थांबल्यावर ते सरळ गाडीपाशी गेले. मी मागोमाग. डीजेवाला चांगला तिशीचा माणूस होता. बाबांनी वर बघून विचारलं, "भाऊ, हे वाजवते कोन?"

"हैदराबादचा माल हाये बाबाजी. कॉम्प्युटर वाजवते. मानूस नाई त्याच्यात."

"मानूस नाई, तं श्वास कोनी घेतला?"

बाबांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "फिरव." त्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं गाणं मागे घेतलं. श्वासाच्या जागी बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि खांदा वर नेऊन श्वास घेतला, बरोबर त्याच वेळी, तेवढाच. डीजेवाल्यानं बाबांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा बाबांकडे. त्यानं ते आणखी एकदा फिरवलं. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

"तुमी हाये काय हे?" त्यानं विचारलं.

बाबांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. भर वरातीत, लोकांसमोर, जिथे मी नऊ-दहा वर्षांची झाल्यावर कधी चालले नव्हते तिथे. "वाजवलं म्या," ते म्हणाले, "पन बँड हिचा हाये. ही मास्तर."

आज ते अंगणात खाटेवर बसलेत, कवेलू मोजणाऱ्या माणसांवर नजर ठेवून. कवळी काढून वाटीत ठेवली आहे, जेवणापुरती लावतात. आतल्या खोलीच्या भिंतीला गोधड्या टांगायचे खिळे अजून आहेत. उद्या ती भिंत पडेल. मी क्लॅरिनेटचं तोंड पदरानं पुसलं आणि इकडेतिकडे न बघता ओठांत धरलं. माझे वरचे दात त्या खळग्यांत बसले. अगदी बरोबर नाही, जरासे अलीकडे, पण बसले. चव काळी, कडवट, थोडी चुन्याची. मी जोर लावून फुंकलं. फुस्स झालं, बाकी काही नाही.

बाहेर बाबांना ते ऐकू गेलं. वळूनही न बघता ते म्हणाले, "पत्ती नाई त्याले, वाजनार नाई थे." आणि थोड्या वेळानं, "पन तू श्वास न घेताच फुकून राह्यली. पयले श्वास घे, माय."